बांडगुळाच्या फुलांवरचा शिंजीर

पहिला दिवस, मंगळवार

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, काजू आणि आंबा मोहरलेले असताना, मी सावंतवाडीला उतरले आणि तिथून आंबोली घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत गेले. माझ्या मैत्रिणीचे हे आजोळ. घरात तिचे आजोबा, काकी आणि पाचवीत शिकणारी एक मुलगी असे तिघेच असतात. पुढचे पाच दिवस मला एकाच पक्ष्यासाठी द्यायचे होते. आठ सेंटीमीटर लांबीचा, म्हणजे चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम माझ्या मधल्या बोटाएवढा भरणारा, किरमिजी पाठीचा छोटा शिंजीर हा तो पक्षी. पश्चिम घाटाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याचा प्रदेश सोडला तर जगात तो दुसरीकडे कुठेही राहत नाही. पुण्यामुंबईच्या बागांत जास्वंदीवर येणारे जांभळे शिंजीर आणि जांभळ्या पाठीचे शिंजीर मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यांचा हा डोंगरातला धाकटा भाऊबंद मात्र आजवर ओझरताच दिसला होता.

त्याला शोधायला रानात जावे लागेल अशी माझी समजूत होती. दुपारचा चहा घेऊन खळ्यात आले तेव्हा घरामागच्या जुन्या आंब्यावरून बारीक, तुटक ‘च्विक्, च्विक्’ ऐकू आले. त्या आंब्याच्या दोन मोठ्या फांद्यांवर बांडगूळ माजले होते. आंब्याच्या गर्द पानांत त्याची फिकट, राखाडी झाक असलेली जाड पाने दुरूनही वेगळी कळत होती आणि त्यांच्यामध्ये शेंदरी-गुलाबी नळीसारख्या फुलांचे घोस लागले होते. त्या घोसांतून काहीतरी सारखे हलत होते. दुर्बीण लावली तेव्हा दिसला तो नर.

पहिल्या नजरेत तो मला काळपटच वाटला. सावलीत बसलेला शिंजीर असाच दिसतो. मग तो एका उघड्या काटकीवर आला, त्याने मान वळवली आणि कपाळापासून डोक्याच्या मागपर्यंतचा भाग एकदम हिरवा चमकला. पुढच्या क्षणी गळा जांभळा-गुलाबी झाला आणि पुन्हा काळा पडला. डोक्यावरचा हिरवा, गळ्याचा आणि कंबरेवरचा जांभळा हे रंग पिसांच्या तंतूंमधल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना तयार होतात, म्हणून कोन बदलला की ते विझतात. पाठीचा आणि छातीवरच्या रुंद पट्ट्याचा गडद किरमिजी रंग आणि पोटाचा पिवळा रंग मात्र रंगद्रव्याचे असतात. ते सावलीतही टिकतात. त्यामुळे पक्षी ओळखायचा असेल तर चमक पाहण्यापेक्षा पाठ आणि छाती पाहावी. आमच्या बागेतल्या जांभळ्या पाठीच्या शिंजिराचीही पाठ तांबूस असते, पण त्याच्या छातीवर असा ठसठशीत किरमिजी पट्टा नसतो आणि अंगानेही तो थोडा थोराड असतो.

बांडगुळाच्या फुलावर तो कसा जेवतो हे मी तासभर पाहिले. हमिंगबर्डसारखा तो हवेत एका जागी तरंगत राहत नाही. क्वचित एखाद्या टोकाच्या फुलासाठी दोन-तीन क्षण पंख फडफडवून हवेत थांबतो, पण त्याची खरी पद्धत बसून खाण्याची आहे. देठाला पायांनी घट्ट धरायचे, गरज पडली तर उलटे लटकायचे, मान लांबवायची आणि खाली वळलेली बारीक चोच नळीत घालायची. चोचीच्या आत नळीसारखी लांब जीभ असते, तिच्या टोकाला चीर असते आणि तिनेच मध वर घेतला जातो. आजोबांच्या नातीने मोठ्या उत्साहाने मला सांगितले की तो हमिंगबर्ड आहे आणि शाळेतही सगळे तसेच म्हणतात. मी तिला दुर्बीण दिली आणि सांगितले की हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर सापडतात, आणि त्यांचे कूळच वेगळे आहे. शिंजिरांचे कूळ आफ्रिकेपासून आशियामार्गे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत पसरलेले आहे आणि ते चिमणी, दयाळ, बुलबुल यांच्याप्रमाणे गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटात मोडते. तिला हे पटायला वेळ लागला नाही, कारण तोवर नर उंच काटकीवर बसून गाऊ लागला होता. हे गाणे म्हणजे बारीक, किणकिणत्या स्वरांची घाईघाईने ओघळणारी माळ असते. फारशी मधुर नाही, पण आठ सेंटीमीटरच्या देहातून येते म्हणून आश्चर्य वाटायला लावणारी.

संध्याकाळी आजोबा आंब्याखाली येऊन उभे राहिले. ते म्हणाले, “बाय, ह्या आंब्यार बांडगूळ लय झाला. शनवारी गडी येतले, तेव्हा सगळा काढून टाकतलो.”

यात त्यांचे काही चूक नव्हते. बांडगूळ अर्धे परजीवी आहे. त्याची पाने हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतः तयार करते. पण पाणी आणि क्षार मात्र ज्या झाडावर ते रुजते त्याच्या फांदीत मुळासारखे अवयव घुसवून ओढून घेते. ज्या फांदीवर ते वाढते ती फांदी त्याच्या पुढच्या बाजूला हळूहळू सुकते आणि मोहर कमी होतो. मराठीत दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला बांडगूळ म्हणतात ते या अनुभवातूनच. ज्या घराचे वर्षाचे चार पैसे आंब्यावर अवलंबून आहेत त्या घराने ते ठेवावे असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी काही बोलले नाही. आजचा दिवस धरून चार दिवस आहेत एवढेच मनात मोजले.

रात्री पडवीत बसून मी टिपणे लिहिली. कोकणातल्या याच नात्यावर सालिम अली यांनी १९३१ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला होता: बांडगुळाच्या प्रसाराला शिंजीर आणि फुलटोचे कसा हातभार लावतात, हा त्याचा विषय. तो वाचल्यापासून मी बांडगुळाकडे पाहू लागले. ही फुले पक्ष्यांसाठीच घडलेली असावीत अशी आहेत. रंग लालसर, वास जवळजवळ नाही, नळी लांब आणि मध भरपूर. पक्व कळीच्या टोकाला पक्ष्याने चोचीने हलकेच दाबले की ती चटकन उघडते आणि परागकण त्याच्या कपाळावर उडतात. तेच कपाळ पुढच्या फुलात जाते. दुपारी पाहिलेल्या नराच्या हिरव्या कपाळावर पिवळसर धूळ होती ती हीच.

दुसरा दिवस, बुधवार

सकाळी निघण्यापूर्वी पुन्हा आंब्याखाली गेले, आणि बरे झाले गेले ते. आज बांडगुळावर फुलटोचाही होता. शिंजिराहून आखूड शेपटीचा, वर मळकट, खाली पांढुरका, फिकट मांसल रंगाच्या चोचीचा हा पक्षी भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक आहे. त्याला फुलाइतकेच फळातही स्वारस्य असते. बांडगुळाचे फळ तो सबंध गिळतो. त्यातला गर पचतो आणि बी चिकट आवरणासकट बाहेर पडते. ते बी सहज खाली पडत नाही, म्हणून पक्षी फांदीवर शेपटीकडचा भाग घासतो आणि बी सालीला चिकटून राहते. बांडगुळाला जमीन नको असते, फांदीच हवी असते, आणि फांदीवर बी लावण्याचे काम हा पक्षी करतो. शिंजीर परागकण नेतो आणि फुलटोचा बी रुजवतो, अशी ही विभागणी आहे. आजोबांच्या आंब्यावर बांडगूळ कसे आले याचे उत्तर समोर बसले होते, पण ते मी त्यांना सांगितले नाही. फुलटोच्यावर त्यांचा राग व्हावा असे मला वाटत नव्हते.

नऊच्या एसटीने घाट चढले. सावंतवाडीहून आंबोली सुमारे तीस किलोमीटर आहे आणि तेवढ्या अंतरात रस्ता समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटर उंचीवर जातो. खिडकीतून रान बदलताना दिसते. खाली काजू, साग आणि काटेसावर. मग ऐन, किंजळ. आणि शेवटच्या वळणांवर हिरडा, जांभूळ, अंजनी यांची बुटकी, दाट, सदाहरित राई. याच उंचीवर पावसाळ्यात वर्षाचा सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. फेब्रुवारीत ते खरे वाटत नाही. हवा कोरडी होती, आणि दरडींवर धायटी फुलली होती.

दुपारी घाटाच्या वरच्या टप्प्यात पायी उतरले. धायटीचे झुडूप या दिवसांत पानांपेक्षा फुलांनीच भरलेले असते. विटकरी-लाल, बोटाच्या पेराएवढी फुले फांदीच्या पूर्ण लांबीवर लागतात. आयुर्वेदात आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी धातकीची फुले वापरतात ती याच झुडपाची, आणि त्यांचा मध चोखणे हा डोंगरातल्या मुलांचा जुना उद्योग आहे. अशा एका झुडपापासून दहा पावलांवर मी दगडावर बसले आणि दोन तास तिथेच राहिले.

पक्षी फुलांच्या मागे जातो, म्हणून पाहणाऱ्याने फुलापाशी बसावे आणि पक्ष्याला येऊ द्यावे, हे या प्रवासात मला नीट कळले. छोट्या शिंजिराची एक जोडी साधारण दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याच झुडपावर येत होती. मधल्या वेळात फुलात पुन्हा मध साठत असणार. नर आधी येई, वरच्या काटकीवर बसून शेपटी झटके, मग खालच्या फुलांकडे उतरे. मादी थेट आत शिरे.

आज एक चूकही झाली आणि ती लिहून ठेवणे योग्य आहे. पहिल्या फेरीत मी त्या मादीला सरळ जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी म्हणून नोंदवले. दोघीही वरून मळकट हिरव्या-तपकिरी आणि खालून पिवळसर असतात. तिसऱ्या फेरीत ती माझ्याकडे पाठ करून उलटी लटकली, पंख किंचित उघडले, आणि कंबरेवर किरमिजी रंगाचा डाग दिसला. तेवढा डाग म्हणजे या जातीच्या मादीची खूण. पंख मिटले की तो झाकला जातो, म्हणून घाई करणाऱ्याला तो दिसत नाही. पहिली नोंद मी खोडली.

चार वाजण्याच्या सुमारास झुडपावर गोंधळ झाला. एक मोठा शिंजीर आला आणि छोट्या नराला हुसकावून त्याने सगळे झुडूप ताब्यात घेतले. गळा आणि छाती झगझगीत लाल, त्यावर पिवळ्या बारीक रेषा, चोचीच्या मुळापासून मानेकडे उतरणारी निळी-जांभळी मिशी, पोट राखाडी, आणि उडताना कंबरेवर चमकणारा पिवळा ठिपका. हा विगर्सचा शिंजीर. तोही पश्चिम घाटाचाच, आणि त्याचे मुख्य घर आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांत आहे. माथेरान, भीमाशंकर, महाबळेश्वर येथे फिरणाऱ्यांना तो परिचित असेल. इतका देखणा पक्षी समोर असताना मी छोट्याला शोधत होते, हे मला स्वतःलाही नंतर लक्षात आले. तो पळाला नव्हता. झुडपाच्या पायथ्याशी, मोठ्याच्या नजरेआड, तो खालच्या फांदीवरच्या फुलांत जेवत होता.

तिसरा दिवस, गुरुवार

पहाटे साडेसहाला हिरण्यकेशीच्या वाटेला लागले. आंबोली गावापासून थोड्या अंतरावर एका गुहेतून हिरण्यकेशी नदी उगम पावते. तिथे महादेवाचे मंदिर आहे आणि कुंडातल्या माशांना गावकरी पूर्वापार जपत आले आहेत. इथे सापडलेल्या आणि हिरण्यकेशीचेच नाव मिळालेल्या एका छोट्या माशामुळे या परिसराला २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. नदी अरबी समुद्र एवढा जवळ असूनही पूर्वेकडे वळते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला जाते. मंदिराकडे जाणारी वाट दाट झाडीतून जाते. तिथे शीळकरी कस्तुराची शीळ चालू होती आणि लाल गळ्याचे, पिवळ्या अंगाचे बुलबुल जोडीजोडीने फिरत होते. गोव्याने राज्यपक्षी म्हणून निवडला आहे तो हाच बुलबुल.

ऊन वाटेवर उतरण्यापूर्वीच्या त्या तासात मी शिंजिराची आंघोळ पाहिली. रात्रीच्या दवाने झुडपांची रुंद पाने भिजली होती. मादी एका ओल्या पानावर उतरली, पोट पानाला टेकवून घसरली, पंखांनी थरथरून पाणी अंगावर घेतले, पुढच्या पानावर गेली आणि तेच केले. सात-आठ पाने झाल्यावर ती पिसे फुगवून एका काटकीवर बसली आणि एकेक पीस चोचीतून ओढून नीट करू लागली. एवढ्या लहान पक्ष्याला ओढ्याच्या पाण्यात उतरणे धोक्याचे असते. पानावरचे दव त्याला पुरते.

त्या मादीच्या मागावर राहिल्यामुळे मला घरटे सापडले. आंघोळ झाल्यावर ती वाटेच्या कडेच्या दरडीकडे गेली. तिथे कोळ्याची जाळी होती. तिने जाळ्याला तोंड लावले, मान मागे ओढली आणि चोचीच्या टोकाला पांढुरका तंतूंचा पुंजका घेऊन उडाली. कोळी खाण्यासाठीही शिंजीर जाळ्यांपाशी येतात, पिल्लांना तर कोळी आणि किडेच भरवतात, कारण मधात प्रथिने नसतात. पण ही कोळी न घेता जाळेच घेऊन गेली. मी जागेवरून न हलता दुर्बिणीने तिचा माग ठेवला. दरडीवर कारवीच्या एका झुकलेल्या काटकीला, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, पाचोळ्याचा एक पुंजका लोंबत होता. मादी त्यात शिरली तेव्हाच ते घरटे असल्याचे मला कळले.

लांबट पिशवीसारखे, बाजूला वरच्या अंगाला दार, दारावर लहानसे छपरासारखे पुढे आलेले टोक. गवताचे तंतू, सालीचे तुकडे, वाळकी पाने, अळ्यांची विष्ठा, हे सगळे कोळ्याच्या जाळ्याने एकमेकांना बांधलेले. जाळ्याचा धागा ताणतो आणि तुटत नाही, म्हणून आत वजन वाढले तरी पिशवी फाटत नाही. बाहेरून मुद्दाम लावल्यासारखा पाचोळा लोंबतो, त्यामुळे वाऱ्याने अडकलेला कचरा समजून नजर पुढे जाते. मादी आत बसून छातीने भिंत दाबत होती. पिशवी बाहेरून जिवंत असल्यासारखी फुगत आणि सैल होत होती. नर वरच्या फांदीवर गात होता, इकडेतिकडे पाहत होता, पण त्याने एकही काडी आणली नाही. शिंजिरांत घर बांधणे हे मादीचे काम असते. अंडी बहुधा दोनच घातली जातात.

मी अर्धा तास थांबले आणि मग दूर गेले. घरट्याजवळ माणूस उभा राहिला की मादी आत शिरायला बिचकते, आणि आपण तिथे रेंगाळलो तर माकडांना आणि कावळ्यांनाही जागा दाखवून देतो. याच सावधगिरीमुळे परतीच्या वाटेवर मला खेद झाला. कॅमेरे घेतलेले तिघेजण मंदिराच्या अलीकडे उभे होते आणि मोबाईलवर शिंजिराच्या नराचा आवाज पुन्हापुन्हा वाजवत होते. एक नर झाडाच्या शेंड्यावरून उतरला होता आणि अदृश्य शत्रूला शोधत फांद्यांवरून वेड्यासारखा फिरत होता. मी त्यांना विनंती केली की एवढासा पक्षी दिवसभर जेवून जेमतेम रात्रीपुरती ताकद साठवतो, आणि त्याची सकाळ अशी भांडणात गेली तर त्याचे नुकसान होते. त्यांनी आवाज बंद केला. नर आणखी बराच वेळ गात राहिला, प्रतिस्पर्धी गेला आहे हे त्याला कळेपर्यंत.

चौथा दिवस, शुक्रवार

आज चौकुळच्या बाजूचे सडे पाहिले. उघडा कातळ, वाळलेले गवत, मधून मधून अंजनीची खुजी झाडे. वारा फार होता आणि छोटा शिंजीर एकदाही दिसला नाही. सड्याच्या कडेला जिथे ओढ्याची खाच उतरते आणि राई सुरू होते, तिथे मात्र पहिल्याच जांभळीवर त्याचा आवाज ऐकू आला. त्याच्या निवासाची हद्द इतकी रेखीव आहे. त्याला सदाहरित रान लागते, पण रानाच्या पोटातला अंधार त्याला फारसा आवडत नाही. रानाची कड, ओढ्याकाठ, पडलेल्या झाडाने मोकळी झालेली जागा, रानाला लागून असलेली बागायत, म्हणजे जिथे झाडीही आहे आणि फुलायला ऊनही मिळते, अशा जागी तो राहतो. म्हणूनच आजोबांच्या आंब्यावर तो होता. त्यांच्या बागेच्या वरच्या अंगाला रान अजून उभे आहे.

दुपार खोलीवर काढली. या दोन्ही शिंजिरांना शास्त्रीय नाव एकाच माणसाने दिले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८२०च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरला. गावांची, पिकांची, लोकसंख्येची माहिती गोळा करता करता त्याने पक्षीही टिपले आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडून दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. मोठ्या शिंजिराला त्याने त्या संस्थेचे पहिले चिटणीस, आयरिश प्राणिशास्त्रज्ञ निकोलस विगर्स यांचे नाव दिले. छोट्याला कुणाचेच नाव मिळाले नाही. त्याला साइक्सने ‘मिनिमा’ म्हटले, म्हणजे सर्वांत लहान. मला हे दुसरे नाव अधिक आवडते, कारण ते पक्ष्याकडे पाहून दिलेले आहे. या डोंगरांतले लोक साइक्सच्या आधीपासून या पक्ष्याला ओळखत असणार.

पाचवा दिवस, शनिवार

सकाळी एकदा घरट्याच्या वाटेने गेले आणि न थांबता, चालता चालता पाहिले. दारावरचे छप्पर कालपरवापेक्षा लांब झाले होते. मादी आत होती. दारातून तिची चोच तेवढी दिसत होती.

अकराच्या गाडीने घाट उतरले. आज गडी येणार हे मला आठवत होते आणि तरीही वाडीत शिरताना पावले आपोआप भराभर पडू लागली. आंब्याखाली पोचले तेव्हा काम झालेले होते. दोन्ही फांद्या मोकळ्या दिसत होत्या, सालीवर जिथे बांडगूळ रुतले होते तिथे गाठींसारखे फुगवटे आणि ताजे पांढरे काप होते, आणि खळ्याच्या कडेला कापलेल्या बांडगुळाचा कमरेएवढा ढीग पडला होता. पाने अजून ताठ होती. कळ्याही. काकी म्हणाल्या की गुरे बांडगूळ आवडीने खातात, म्हणून संध्याकाळपर्यंत ढीग गोठ्याकडे जाईल.

मी पडवीच्या पायरीवर बसले. आंब्याच्या शेंड्यावर ‘च्विक्, च्विक्’ चालू होते. नर मोकळ्या फांदीवर आला, जिथे घोस होते त्या जागी उतरला, कापाच्या भोवती एक फेरी मारली आणि पुन्हा वर गेला. असे त्याने तीन वेळा केले. बुधवारी धायटीपाशी बसल्यापासून फेऱ्यांमधले अंतर मोजण्याची मला सवय लागली होती. आज दोन फेऱ्यांमध्ये पाच मिनिटेही जात नव्हती. मग तो खळ्याच्या कुंपणावरच्या जास्वंदीकडे गेला. जास्वंदीचे फूल त्याच्या चोचीपेक्षा फार खोल. त्याने फुलाच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. देठाजवळ बाहेरून चोच खुपसून भोक पाडले आणि तिथून मध घेतला. अशा वेळी परागाला त्याचा स्पर्शही होत नाही. फुलाला काही न देता तो मध नेतो. बांडगुळाशी त्याचा व्यवहार मात्र देण्याघेण्याचा आहे.

आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले. मी कशाकडे पाहते आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी बराच वेळ काही विचारले नाही. मग ढिगाकडे बोट दाखवून हलक्या आवाजात म्हणाले, “बाय, तुझो शिंजीर इलो हा बग.”

नर ढिगावर उतरला होता, जमिनीपासून हातभर उंचीवर, आमच्यापासून चार पावलांवर. इतक्या जवळ, इतक्या खाली मी त्याला पाच दिवसांत पाहिले नव्हते. पूर्ण उन्हात पाठ किरमिजी, कपाळ हिरवे, छातीचा पट्टा गडद. त्याने कापलेल्या डहाळीला पायांनी धरले, एका मिटलेल्या कळीचे टोक चोचीत घेऊन हलकेच दाबले. कळी उघडली. पराग त्याच्या कपाळावर उडाले, त्याने नळीत चोच घातली, बाहेर काढली आणि शेजारच्या कळीकडे वळला. आजोबांनी गोठ्याकडे हाक मारून सांगितले की ढीग उद्या सकाळी न्यायचा.

मी साडेतीनच्या गाडीने निघाले तेव्हा मादीही आली होती.